लळ्याचं माप

"बाबा, यशू तुमच्याकडे राहील. विषय खतम," मधुरिमा सासऱ्यांना म्हणाली. सोमवारपासून सिमरोलच्या कॉलेज कॅम्पसवर तिची समुपदेशकाची नोकरी सुरू होणार होती आणि सव्वा वर्षाच्या यशवर्धनला दिवसभर आजोबांनी सांभाळायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

कृष्णरावांचं मात्र ठरत नव्हतं. त्यांनी अख्खी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात "हळू बोला" म्हणण्यात घालवली होती, आणि तेही इतक्या हळू की कुणाला ऐकूच जात नसे. अशा माणसाचा पोराला लळा लागणार कसा? सुनेची मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं ते चोरून वाचत. त्यानं शंका फिटल्या नव्हत्याच, उलट त्या शंकांना संदर्भ मिळाले होते.

"आधी मोजून बघू," ते म्हणाले. "पुस्तकात पद्धत दिलीय. माझ्याकडे आला नाही, तर सरळ पाळणाघर. मी वाईट वाटून घेणार नाही."

हे म्हणतानाच त्यांना इतकं वाईट वाटलं, की मधुरिमाला नाही म्हणवेना.

मोजमापाचा त्यांना एक अनुभव होता. मागच्याच आठवड्यात तिनं सरावासाठी त्यांची मुलाखत घेतली होती. मोठ्या माणसाला मोजायचं तर त्याला लहानपणाबद्दल विचारतात. "तुमचं आणि आईचं नातं सांगणारी पाच विशेषणं द्या," असं म्हटल्यावर कृष्णराव तीन देऊन शब्दकोश आणायला उठले होते.

तान्ह्या पोराला विशेषणं विचारता येत नाहीत. त्याच्या जिवाभावाचं माणूस खोलीतून उठून जातं, एक अनोळखी माणूस मागे राहतो, आणि तीन मिनिटांनी आपलं माणूस परतलं की पोर काय करतं ते बघायचं. रडलं तर रडू द्यावं. आपलं माणूस दिसल्यावर ते निवतं का, खरी परीक्षा तिथं.

पहिली अडचण अनोळखी माणसाची. यशूला कडेवर घेऊन शेव चाटवली नाही असं गल्लीत कुणी उरलंच नव्हतं. शेवटी मधुरिमानं महूहून रुची नावाच्या मैत्रिणीला बोलावलं. ती पिशवीभर जिलेबी घेऊन आली आणि आल्या आल्या "अले, अले!" करत यशूकडे धावली. मधुरिमानं तिला ओढून खुर्चीत बसवलं. "तू अनोळखी आहेस. काहीही झालं तरी उठायचं नाही." मग मध्येच कुणी बेल वाजवू नये म्हणून बेलमधला सेल काढला आणि चित्रण करायला मोबाईल धरून ती पडद्यामागे उभी राहिली.

इशारा झाला. कृष्णराव बाहेर पडले आणि त्यांनी दार अलगद ओढून घेतलं. लॅच खट्कन बसलं.

तीन मिनिटं भरल्यावर त्यांनी खिसे चाचपले. किल्ली आत. बेल मुकी. त्यांनी एका बोटानं टकटक केलं. मधुरिमाला वाटलं कुरिअरवाला असेल, जाईल. रुचीला उठायची बंदी होती.

"काय भिया, सूनबाईंनी निकाल दिया क्या?" शेजारचे दौलतराव कुंपणावरून डोकावले.

"श्श! आत माप चालू आहे."

"पडद्यांचं?"

"लळ्याचं."

दौलतरावांनी हात लांबवून त्यांच्या कपाळाला लावला. "बुखार तर नाहीये. अहो, मग जोरात दार ठोका ना! बोंबला!"

"प्रयोग बिघडेल."

"आमच्या खानदानात दार ठोकत नाहीत, तोडतात. बोला, तोडू?"

तोवर फाटकाशी चार माणसं जमली. सुनेनं सासऱ्याला हाकललं, ही खबर कोपऱ्यापर्यंत गेली. समोरच्या शर्वरीवहिनींनी पोह्यांची प्लेट आणून कृष्णरावांच्या हातात कोंबली. "पहिले खाऊन घ्या काका. नंतर बघू तिच्याकडे."

तेवढ्यात आतून यशूचं रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग सणसणीत भोकाड.

प्लेट दौलतरावांच्या हातात गेली. प्रयोग, पद्धत, पुस्तकाचं पान, सगळं कृष्णरावांच्या डोक्यातून उडालं. ते दौलतरावांच्या घरातून धावत मागच्या अंगणात शिरले, उपड्या बादलीवर चढले आणि दोन घरांमधल्या भिंतीला भिडले.

"अहो, आज सकाळीच चुना मारलाय तिला!" दौलतराव ओरडले.

उशीर झाला होता. कृष्णराव भिंतीवर पोटानं आडवे झाले, पलीकडे घसरले आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून आत घुसले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक, चष्मा गायब, पायात एकच चप्पल.

"यशूऽऽ!" एवढा मोठा आवाज त्यांच्या गळ्यात आहे, हे त्यांनाही आज कळलं.

रुची किंचाळून खुर्चीवर उभी राहिली. पडद्यामागून मधुरिमा ओरडली, "कोण आहे?" यशूनं मात्र रडं थांबवलं, त्या पांढऱ्या भुताकडे एकदा नीट बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"आबू!"

कृष्णरावांनी त्याला उचललं. पोरानं चुन्यानं माखलेल्या खांद्यावर मान टाकली. एक हुंदका, अर्धा हुंदका, संपलं.

"बिघडलं ना सगळं?" कृष्णराव पुन्हा हळू आवाजात म्हणाले. "वेळ चुकली. दार चुकलं. अवतार हा असा."

"मला वाटलं, तुम्ही अजून घड्याळच बघताय!" मधुरिमानं मोबाईल त्यांच्यासमोर धरला. "आता हे बघा. सख्ख्या सुनेनं ओळखलं नाही तुम्हाला. त्यानं ओळखलं. आणि बघा, लगेच खाली उतरून वाट्या वाजवायला जायचंय त्याला. अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. फक्त तुम्हीच त्याला सोडत नाहीयात, बाबा."

रुचीनं एकदाचं दार उघडलं, तेव्हा उंबऱ्यात दौलतरावांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेले पोहे संपवले. जिलेबी गल्लीभर वाटली गेली.

सोमवारी मधुरिमा कामावर निघाली. यशूनं टाटा केला आणि तो वाट्यांकडे वळला. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली. डबा विसरला होता म्हणे. मग छत्री. मग काय विसरलं तेच तिला आठवेना, ती उंबऱ्यात उभी राहून डोळे पुसत म्हणाली, "रडला का हो तो?"

"नाही," कृष्णराव म्हणाले.

"जरापण नाही?"

फाटकापासून ती पुन्हा एकदा माघारी आली, तेव्हा खोलीच्या मधोमध रुचीची खुर्ची मांडलेली होती आणि कृष्णराव तिचं माप घ्यायला मोबाईल धरून पडद्यामागे उभे होते.