परक्यांच्या वहीत शेडगेतात्या

इंटरनेटवर जाताना शेडगेतात्या इस्त्रीचा सदरा घालायचे. टोपीही. सांगलीतल्या त्या सायबर कॅफेत बाकीचे चपला फरफटत यायचे, तात्या मात्र सोयरिकीला निघाल्यासारखे. मी हसलो तर म्हणाले, "लोकाच्या घरी जायचं, गबाळं कसं जावं?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तात्या माधवनगरच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे विणकरांचे मुकादम होते, मी तिथलाच कारकून. गिरणी बंद पडली आणि तात्यांच्या हाताखालचे विणकर पांगले. कुणी सुरतेला, कुणी भिवंडीला, कुणी आखातात. तात्यांनी कॅफेवाल्याकडून एक वेबसाइट करून घेतली. तिच्यावर त्या सगळ्यांची नावं, गावं आणि खाली एक ओळ : असाल तिथून कळवा.

दोन महिन्यांत तिथं दोघंच फिरकले. तात्या आणि मी.

"आपण कुणाच्या दारात गेलो न्हाई, तर आपल्या दारात कोण यील?" तात्या म्हणाले, आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा पुष्कळ वेबसाइटींवर पाहुण्यांनी चार शब्द लिहायची वही असे, तशी आमच्याही. तात्या सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. नॉर्वेतल्या एका बाईंची वेबसाइट नुसत्या मांजरांची. "मांजरं गुटगुटीत हायत म्हणावं. आदी त्येंचं कौतुक, मग आपलं काम." रिकाम्या हाती जायचं नाही, म्हणून प्रत्येकाला भडंगाची कृती, आणि शेवटी आपल्या वेबसाइटचा पत्ता. बाईंनी आमच्या वहीत येऊन विचारलं, हे मांजरांना चालतं का? परतभेट झाली म्हणून तात्या आठवडाभर खुशीत.

पण विणकर कुणी येईना. तात्या खुर्चीत टेकत नसत, माझ्या पाठीमागं येरझाऱ्या. "झालं का? चल फुडं. अजून लय घरं हायत गड्या."

रोज हेच. मी वैतागलो. आजवर कुणाला सांगितलं नाही ते आता लिहितो. एका दुपारी मी एकटाच कॅफेत गेलो आणि तात्यांच्या वहीत लिहिलं : मी तुमच्या यादीतल्या लोणंदच्या तुकाराम जाधवांची मुलगी. मस्कतला असते. बाबा तुमची आठवण काढतात. रविवारी भेटायला येते.

एकदा कुणी आलं की तात्या शांत होतील, असं वाटलं. हे खरं, पण अर्धं. मला गंमतही करायची होती.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

रविवारी तात्या सकाळपासून स्टँडवर. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पुरणपोळ्या झाकून ठेवल्या होत्या. तात्या चिडतील, मग मी हसून सगळं सांगून टाकीन, असं मनाशी ठरवून गेलो होतो.

ते चिडले नव्हते.

"पोरगी आली न्हाई," ते म्हणाले. "वाटंत काय झालं नसंल न्हवं, रं?"

मी पोळी खाल्ली.

सोमवारी कॅफेत तात्या म्हणाले, "आज आपलं काय बी लिहू नगंस. मस्कतच्या मराठी लोकांच्या जेवढ्या वह्या घावतील, तेवढ्यांत इचार, तुकारामची लेक सुखरूप हाय का."

मी विचारलं. अकरा ठिकाणी, सुबक इंग्रजीत, एकही चूक न करता.