सासऱ्यांचा चाकू आणि कपाटातला टोमॅटो

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील. सापडल्या की पुढे चला, मोजत बसू नका. शाळा माझ्या हातून लवकर सुटली, त्यामुळे जड शब्द माझ्याकडे नाहीत. जे घरात वापरतो तेच इथे वापरले आहेत. आणखी एक. ही गोष्ट ज्याची आहे त्याला मी ‘तो’ म्हणणार आहे. ‘मी’ लिहायला घेतलं की लाजेने पेन अडतं.

तर तो धार लावायच्या दुकानात कामाला होता. शिंप्यांच्या कात्र्या, हॉटेलांच्या सुऱ्या, छापखान्यातली कागद कापायची पाती, जे बोथट होईल ते त्याच्याकडे यायचं. हात चांगला होता. तोंड मात्र चालत नव्हतं. लग्नाला चार महिने झाले होते आणि एवढ्या काळात सासऱ्यांशी तो एकूण तीन शब्द बोलला होता. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पुरे’. (‘पुरे’ चहाला उद्देशून होतं.)

सासरेही तसे घाबरण्यासारखेच होते. कारखान्यात एकतीस वर्षं ते माल तपासणीला होते. आलेला माल बघायचा, मापायचा आणि परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली. एका घड्याळातली वेळ ते दुसऱ्या घड्याळात बघून खात्री करून घ्यायचे आणि मग दोन्ही घड्याळांकडे संशयाने बघायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी जावई पसंत केला होता असं म्हणता येणार नाही. परत पाठवला नव्हता, इतकंच.

“बाबांशी काहीतरी बोला हो,” बायको दर रविवारी माहेरचा जिना चढताना बजावायची. “त्यांना वाटतं, तुम्ही काहीतरी लपवताय.”

त्या रविवारी त्याने ठरवलं की एक वाक्य बोलायचंच. सासरे खुर्चीत बसून घडीच्या चाकूने सफरचंद सोलत होते. साल न तुटता खालीखाली उतरत होती. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “पातं नुसतं बघितलं की मला स्टील कळतं.”

साल तुटली.

“काय म्हणालात?”

“नाही... म्हणजे... रोज हातात असतं ना. स्टील.”

सासऱ्यांनी चाकू पुसला, खट्‌कन मिटला आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. “मग हे कुठलं, सांगा.”

“आत्ता?”

“पुढच्या रविवारी. घेऊन जा.” मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चाकू पुन्हा उघडला, आतून मायक्रोमीटर आणला, पात्याची जाडी दोन ठिकाणी मापली आणि वहीत लिहून ठेवली. “दिला तसा परत हवा.”

जिना उतरताना बायकोने खरी गोष्ट सांगितली. “बाबांच्या जुन्या कंपनीच्या टूलरूमला धारेच्या कामाला माणूस हवाय. साहेबांनी बाबांना विचारलंय, कोणी आहे का म्हणून. तुमचं नाव द्यावं की नाही, त्यांचं ठरत नव्हतं.”

“आणि आता?”

“आता तुम्हीच तोंड उघडलंत.”

टूलरूम म्हणजे त्याच्या धंद्यातलं वरचं टोक. ज्या हत्यारांनी दुसरी हत्यारं बनतात, त्यांना तिथे धार लावतात. सातवीतून बाहेर पडलेल्या माणसाला कोणाचा शब्द असल्याशिवाय त्या फाटकातून आत घेत नाहीत. आणि तो शब्द आता एका घडीच्या चाकूत मिटून त्याच्या खिशात होता.

घरी येईपर्यंत त्याने पुष्कळ विचार केला. (हीच चूक झाली.) हा नक्की सापळा आहे. चाकू एकतर भारी असून साधा दिसतोय, नाहीतर साधा असून भारी दिसतोय. मग त्याने शेजारी चालणाऱ्या बायकोकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं. ही मुलगी कोणाची? त्यांचीच. रोज संध्याकाळी फोन कोणाला करते? त्यांनाच. तेव्हा हिच्या कानावर काही जाता कामा नये. जे करायचं ते गुपचूप.

सोमवारी त्याने फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून दुकानात नेलं. चुंबक पात्याला घट्ट चिकटलं. त्याने आनंदाने मालकांना दाखवलं.

मालक म्हणाले, “आपल्या दुकानात काय चिकटत नाही ते सांग. माझी खुर्चीसुद्धा चिकटेल. तिचं स्टील कुठलं?”

संध्याकाळी घरी वेगळीच चौकशी उभी होती.

“अहो, फ्रिजवरचं चुंबक कुठंय?”

“पडलं असेल.”

“त्याच्याखाली सामानाची यादी होती.”

“ती आहे की जागेवर.”

“हो. पण तिला सेलोटेप कोणी लावली?”

तो लगेच हात धुवायला गेला. (हात धुतलेलेच होते.)

मंगळवारी मालकांनी आंबटाची युक्ती सांगितली. आंबट लागलं की साधं कार्बन स्टील काळं पडतं, स्टेनलेस मात्र जशास तसं राहतं. बुधवारी सकाळी त्याने टोमॅटोची एक चकती कापून उघड्या पात्यावर ठेवली. आता हे दिवसभर ठेवायचं कुठे? स्वयंपाकघर बायकोचं. गच्चीवर शेजारीण. शेवटी त्याने कपाट उघडलं. त्यात त्याचा एकुलता एक चांगला पांढरा शर्ट होता, लग्नानंतर घडीही न मोडलेला. त्या घडीत त्याने चाकू आणि टोमॅटो अलगद सरकवले. तिथे कोण हात घालणार?

संध्याकाळी सातला तो घरी आला, तेव्हा बायको दारातच शर्ट घेऊन उभी होती.

“हे काय आहे?”

“शर्ट.”

“शर्टात काय आहे?”

“टोमॅटो... दिसतोय.”

“कपाटात टोमॅटो कसा आला?”

“राहिला असेल चुकून.”

“शर्टाच्या घडीत? दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये?” तिने दुसरा हात पुढे केला. हातात चाकू होता. “आणि पात्यावर हा काळा डाग?”

“तो आधीपासून होता.”

“अजिबात नव्हता. या चाकूनं मी शाळेत असताना पेन्सिली तासल्यात. काय चाललंय तुमचं? काय हवंय ते मला विचारा ना!”

“काही नको. काही चाललेलं नाही.”

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अगदी सासऱ्यांचीच नजर. आता फक्त मायक्रोमीटर आणायचा बाकी होता.

डाग त्याने पॉलिशच्या चाकावर हलक्या हाताने बराचसा घालवला. कार्बन स्टील आहे हे कळलं होतं, पण कुठलं? तेवढ्यासाठी ठिणग्याच बघायला हव्या होत्या. ग्राइंडरवर पोलाद टेकवलं की ठिणग्या उडतात आणि प्रत्येक पोलादाच्या निराळ्या. एखाद्याची ठिणगी लांब आणि लालसर, एखाद्याची आखूड, एखाद्याची टोकाला फुटून पांढरी फुलं होतात. शाळेत त्याला जे वाचता आलं नाही ते इथे सहज वाचता यायचं. मालकांकडे निरनिराळ्या पोलादांचे तुकडे नावं लावलेल्या डब्यांत ठेवलेले होते. एकेक तुकडा आणि चाकू पाठोपाठ टेकवायचा आणि ठिणग्या जुळतात का बघायचं. सोपं होतं.

पण टेकवलं की ओरखडा पडणार आणि सासरे भिंग घेऊन बसणार. म्हणून त्याने फार विचार करून जागा निवडली. पात्याचं बूड, मुठीला लागून असलेलं, चाकू मिटला की आत लपणारं. तिथे जुनं, काळं, घट्ट ग्रीस साचलं होतं. ते त्याने मुद्दाम पुसलं नाही. पुसलेली जागा दिसली तर संशय यायचा! ग्रीसवरूनच त्याने बूड चाकाला टेकवलं. पांढरी फुलं उडाली. खात्रीसाठी पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदा मालकांना बघायचं होतं म्हणून टेकवलं. पाचव्या डब्यातल्या तुकड्याशी ठिणग्या अशा जुळल्या की दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मग दुकानातलं काळं ग्रीस घेऊन त्याने ती जागा होती तशी बुजवली.

रविवारी सासऱ्यांनी सफरचंद आणलंच नव्हतं. समोर फक्त वही होती.

“सांगा.”

“टेन-नाइंटीफाइव्ह,” तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. “साधं कार्बन स्टील. आंबटाला जपायला हवं.”

सासऱ्यांनी चष्मा काढला. “बरोबर.”

बायकोने दारातून त्याच्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीतली खुर्ची त्याला मऊ वाटली. एवढ्यात सासऱ्यांनी चाकू उघडला, रुमाल काढला आणि पात्याच्या बुडावरचं ग्रीस स्वच्छ पुसलं.

खाली लखलखीत, गुळगुळीत जागा होती.

“इथे चार आकडे होते,” सासरे सावकाश म्हणाले. “स्टीलचा नंबर. तुम्ही वाचू नये म्हणून वर्षानुवर्षांचं ग्रीस मी तसंच ठेवलं होतं. तुम्ही ते काढलंत, नंबर वाचलात, घासून टाकलात आणि वर नवीन ग्रीस भरलंत.”

त्याला सगळं सांगायचं होतं. चुंबक, ठिणग्या, पाचवा डबा. पण घाईत तोंडातून जे निघालं ते असं: “हो... नाही... पुरे!”

“पुरेच,” असं म्हणून सासऱ्यांनी वही मिटली. टूलरूमचं फाटक लागल्याचा आवाज त्याला तिथे बसल्या बसल्या ऐकू आला.

“थांबा बाबा,” बायको पुढे आली. “नंबर वाचला असता तर माझ्या कपाटात टोमॅटो कशाला आला असता?”

“टोमॅटो?”

मग तिने सगळं काढलं. सेलोटेप लावलेली यादी. तिसऱ्या बटणाजवळची चकती. न मळलेले हात धुणं. (एवढा पुरावा तिच्याकडे साठलाय याची त्याला कल्पनाच नव्हती.) सासरे ऐकत होते आणि भिंगातून पात्यावरच्या पुसट डागाकडे बघत होते.

“किती वेळ ठेवलात टोमॅटो?”

“सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.”

“दहा तास.” त्यांनी ते वहीत लिहिलं. मग जावयाकडे पाहिलं. “लिहिलेलं समोर असून जो न वाचता आठवडाभर तपासत बसतो, तो टूलरूमला चालेल. तिथे कशावरच काही लिहिलेलं नसतं. उद्या आठला फाटकावर जा. नाव सांगून ठेवतो. चांगला शर्ट घाला.”

जिन्यात बायको म्हणाली, “एक, शून्य, नऊ, पाच. पेन्सिल तासताना रोज वाचायची मी, तेव्हा ग्रीस नव्हतं. मला विचारलं असतंत तर सोमवारीच सांगितलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चांगला शर्ट घातला. तिने तो दोनदा धुतला होता, पण डाग गेला नव्हता. छातीवर बरोबर डाव्या बाजूला, चकतीएवढा लाल. त्यावर उजव्या हाताचा पंजा दाबून तो कंपनीपर्यंत चालत गेला.

फाटकावरचा वॉचमन पुढे आला. “काय होतंय?”

“काही नाही.”

“मग हात काढा.”

“नको.”

वॉचमनने धावत जाऊन दोन माणसं बोलावली. त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून टूलरूमऐवजी कंपनीच्या दवाखान्यात नेऊन बाकावर आडवं केलं. डॉक्टरांनी त्याचा हात बाजूला केला आणि ते दचकले.

“अहो, हे काय?”

“टोमॅटो,” तो ताबडतोब म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने काहीही न तपासता, अचूक ओळखलेली ती एकच वस्तू.