एकशे बेचाळीस आज्या

आता जिने चढायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढे काय काय होणार हे कळलं असतं, तर गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढून आलो असतो हो!

मी नगरपालिकेत कारकून. आमच्या वॉर्डात पाळणाघराची गरज आहे का, हे पाहायला साहेबांनी मला एकशे बेचाळीस फॉर्म दिले. घरोघर जाऊन विचारायचं, आईवडील कामावर गेल्यावर मूल कोण सांभाळतं? शेजारी, आजी की कुणीच नाही? आणि त्या चौकोनात खूण करायची. पहिल्या दिवशी तीन इमारती चढलो. जिथे तिथे कुलूप. (दोघंही कामावर जातात म्हणूनच तर ही पाहणी, हा प्रकाश माझ्या डोक्यात ऑफिस सुटल्यावर पडला.)

दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले. मी टेबलाशीच बसलो, चहा मागवला आणि विचार केला, मूल सांभाळणार कोण? आजीच की! केली खूण. एकदा हात बसल्यावर काय विचारता, दीड तासात वॉर्ड संपला.

साहेब खूश! "शंभर टक्के फॉर्म! शिका जरा यांच्याकडून," असं सगळ्या खात्यासमोर म्हणाले. मीही मान खाली घालून कौतुक करून घेतलं.

घरी बायको वेगळ्याच आनंदात होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चार वर्षं हंगामी काम करत होती. आता कायमची जागा मिळत होती. आमची पोर तीन वर्षांची.

"पोरीला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू चालल्या मुलाकडे राहायला," ती म्हणाली. "पण पालिकेचं पाळणाघर होतंय ना आपल्याकडे? मग झालं तर!"

मी घाईघाईने आणखी एक पोळी मागितली.

महिन्याने निकाल लागला. पाळणाघर पलीकडच्या वॉर्डाला, तेही फक्त तिथल्या रहिवाशांसाठी. आमच्याकडे वृद्धांची संख्या लक्षणीय, म्हणून आम्हाला ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र!

मी साहेबांकडे धावलो. "साहेब, फॉर्म पुन्हा भरून घेऊ या."

"वेड लागलंय का? मंजुरी आली. आणि अहवाल तर तुमचाच आहे."

शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "आपल्या घराचा फॉर्मही तुम्हीच भरलात?"

"हो."

"काय लिहिलंत?"

"आजी."

"अहो, कुठली आजी? तुमच्या आईंना जाऊन पाच वर्षं झाली. माझी तर मी शाळेत असतानाच गेली."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नेमणुकीचं पत्र घडी करून कपाटात ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या." त्या पत्राची मुदत पंधरा तारखेला संपली. अजून मला तिच्याकडे नीट बघवत नाही. दोन दिवस जिने चढलो असतो तर काय झिजलो असतो का मी?

आता ती फक्त शनिवारी कामाला जाते, कारण तेव्हा माझं ऑफिस बंद असतं. गेल्या शनिवारी पोरीला घेऊन बाहेर पडलो. ऊन मी म्हणत होतं. जवळपास पंखे असलेली जागा एकच, ते विरंगुळा केंद्र. दारावर पाटी होती, 'फक्त साठ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश'. मी पालिकेचा माणूस आहे हे सांगायला खिशातून ओळखपत्र काढू लागलो, तोच रखवालदाराने मला थांबवलं.

"राहू द्या हो आजोबा, कार्ड कशाला? या, नातीलाही आणा आत."

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. पण तोंड उघडेपर्यंत पोर आत पळाली होती, आणि रखवालदाराने मला न विचारताच नोंदवहीत माझं वय अडुसष्ट लिहून टाकलं होतं.