सात फुटांची खिंड

बरोबर सहाला निघायचं ठरलं होतं. सहा वाजून दोन मिनिटांनी जीप गॅरेजच्या दारात अडकली. वरून सिमेंटचा एक पोपडा सुटला आणि बॉनेटवर टणकन वाजला.

"काय लागलं?" स्टिअरिंगवरून कप्तानांनी विचारलं.

"टपावरचा कठडा," मिस्त्री मान वर करून म्हणाला. "दाराच्या बीमला टेकलाय."

माई थर्मास घेऊन पायरीवर उभी होती. तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

कप्तान कधी जहाजावर नव्हते, की फौजेत नव्हते. पस्तीस वर्षं त्यांनी नकाशांच्या कचेरीत बसून डोंगर कागदावर उतरवले. पण घरीदारी हुकूम सोडायची सवय, म्हणून गल्लीने त्यांना कप्तान करून टाकलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या जीपवरची धूळ झटकली आणि पंधरा हजार फुटांवरच्या खिंडीची तयारी सुरू केली. दोन महिने मिस्त्री गॅरेजमध्ये मुक्कामालाच होता म्हणा ना. जीपच्या स्प्रिंगा उंच झाल्या, टायर जाडजूड झाले. रेडिएटरमध्ये न गोठणारं पाणी आलं. वर हवा विरळ, तिथे जीपला पेट्रोल कमी लागेल, म्हणून कार्बोरेटरमध्ये बारीक भोकाचा जेट बसला. टपावर लोखंडी कठडा वेल्ड झाला, त्यात जादा चाकं, पेट्रोलचे कॅन, साखळ्या, फावडं. त्या सगळ्यावर टाकायची ताडपत्री माईने शिवून दिली, चाळीस काजांची आणि चाळीस नाड्यांची.

मागची सीट मात्र काढून टाकली होती. तिथे पाण्याची टाकी आली.

"मग मी कुठे बसू?" माईने तेव्हा विचारलं होतं.

"तू कुठे येतेस? वर जीपला श्वास पुरत नाही, तुला काय पुरणार? दोन पुरुष माणसं पाहिजेत. तुझा भाऊ येतोय."

माईला बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ती कधी विसरलीच नव्हती. हीच जीप, लग्नाला चार महिने झालेले, अंगात स्वतः विणलेला निळा स्वेटर. खिंड एका वळणावर राहिली आणि इंजिनाने मान टाकली. तासभर ती दगडावर बसून पुढे जाणाऱ्या ट्रकांच्या पाठी बघत राहिली. त्या वळणापलीकडे काय आहे ते तिने काही पाहिलं नाही. "पुढच्या वर्षी नक्की नेतो," असं कप्तान म्हणाले होते. पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. आधी मुलं झाली, मग त्यांच्या शाळा, मग माईचं शिवणकाम वाढलं. निळा स्वेटर तेवढा दोनदा उसवून पुन्हा विणून झाला.

आता दारात चर्चा रंगली. माईचा भाऊ पुढच्या सीटवर ऐसपैस बसला होता. तो म्हणाला, "दाजी, सामान उतरवू या का टपावरचं?"

"सामान उतरवलं तर जीप आणखी वर येईल," मिस्त्री म्हणाला. "कठडाच उंच आहे. तो काही निघायचा नाही आता. आपलं वेल्डिंग म्हणजे जन्माची गाठ."

"मग बीम तासू या?" कप्तान म्हणाले.

वरच्या गॅलरीतून भाडेकरू मास्तर दात घासत हे सगळं बघत होते. ते ब्रश तोंडात धरूनच म्हणाले, "त्या बीमवर मी उभा आहे."

शेवटी टायरमधली हवा सोडायचं ठरलं. चारी चाकं फुस्स करत बसली. मिस्त्रीने वाकून पाहिलं. "एक इंच कमी पडतंय."

"वजन हवं," कप्तान म्हणाले. "आत माणसं बसवा. मास्तर, या खाली."

"त्यांना कशाला?" मिस्त्री म्हणाला. "ते लागतील ढकलायला. चालू करून नाही काढता यायची. बारीक जेट आहे, खालच्या हवेत इंजिन उचक्या देतंय. एक उचकी लागली की कठडा बीमला धडकेल."

"मग इथे असताना बारीक जेट बसवलास कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, वर थंडीत बोटं चालायची नाहीत म्हणून."

पंधरा हजार फुटांची जय्यत तयारी झाली होती. राहिले होते ते दाराचे सात फूट.

तेव्हा माई थर्मास खाली ठेवून घरात गेली आणि एक गच्च भरलेली बॅग घेऊन आली.

"हे काय?" कप्तानांनी विचारलं.

"वजन हवंय ना? मी आणि ही बॅग. सरक रे जरा." तिने भावाला कोपर मारलं आणि बॅग मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली. जीपने एक सुस्कारा सोडला आणि खाली दबली. मागून मास्तर, मिस्त्री आणि दूध टाकायला आलेला दूधवाला यांनी रेटा दिला. बसक्या टायरांवर जीप म्हातारीसारखी फरफटत निघाली. बीम आणि कठडा यांच्यामधून एखादं पोस्टकार्ड गेलं असतं, पाकीट नाही. पण जीप अंगणात आली. दूधवाल्याने टाळ्या वाजवल्या.

आता हवा भरायची होती. कप्तानांनी खास आणलेला विजेवरचा पंप टपावर, ताडपत्रीखाली, अगदी तळाला होता.

"चाळीस गाठी सोडायच्या?" मिस्त्री म्हणाला. "माझा पायाने मारायचा पंप आहे की."

कप्तानांनी सुरुवात केली. पन्नास झटक्यांत त्यांचा आवाज गेला आणि ते पायरीवर बसले. भावाने साठ मारले आणि तो अंगणात आडवा झाला. मिस्त्री बॉनेट उघडून मोठ्या भोकाचा जेट परत बसवत होता. मास्तरांना तोंड धुवायची आठवण झाली, दूधवाला तर केव्हाच पुढच्या घरी गेला होता.

"सरका," माई म्हणाली.

तिने पदर खोचला, पाय पंपावर ठेवला आणि एका लयीत सुरू झाली. पंचवीस वर्षं पायमशीन चालवलेला पाय होता तो, गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे त्याने शिवले होते. पहिलं चाक झालं, दुसरं झालं. मध्येच ती भावाला म्हणाली, "गॅसवर दूध आहे, बंद कर जाऊन." बोलताना तिला धाप नव्हती. चौथं चाक भरेपर्यंत कप्तान पायरीवर बसून छातीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते.

घरातून भाऊ बाहेर आला तो कपाळ पुसतच. "ताई, दूध थोडं उतू गेलं. आणि दाजी, एक सांगू? मी जमिनीवरच आडवा झालो. वर माझं काय होणार? मी घर सांभाळतो."

कप्तान उठून जीपचं दार उघडत म्हणाले, "अगं, वर थंडी असते. स्वेटर घे."

"बॅगेत सगळ्यात वर आहे," माई म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

शहर मागे पडलं. पहिल्या चढाला कप्तानांना मीटरचा आकडा टिपून ठेवायचा होता. त्यांनी जीप कडेला घेतली. माईने बॅगेतून आपली शिवणाची वही दिली. ब्लाउजांची मापं उलटत कोरं पान शोधताना त्यांचा हात एका पानावर थबकला.

'गॅरेजचा पडदा: दार सात फूट. ताडपत्री: जीप कठड्यासकट सात फूट तीन इंच.'

"हे पंधरा दिवसांपूर्वीचं आहे," कोपऱ्यातली तारीख बघत कप्तान सावकाश म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगायला आलेच होते की. तुम्ही म्हणालात, गाडीतलं तुला काय कळतंय. म्हटलं, असेल बाई यांचा काही विचार."

कप्तानांना हसू यायला थोडा वेळ लागला, पण आलं ते इतकं की त्यांना पुन्हा धाप लागली. मग त्यांनी त्याच पानावर, नकाशात लिहायचे तशा कोरीव अक्षरात, मीटरचा आकडा लिहिला. त्याच्याखाली लिहिलं, 'माणसं: दोन.' पेन्सिल कानावर ठेवताना त्यांच्या कपाळाला एकदम आठी पडली.

"आणि परत आल्यावर ही आत कशी घालायची?"

माईने स्वेटरात हात घातले. "भाऊ आहे की घरी. वजनाला नुसतं बसायचं तर आहे, त्याला काही धाप लागत नाही. चला, त्या वळणाला उशीर होतोय."