पेडगावचं पहिलं मत

शेजारच्या विश्वनाथअप्पांच्या दुकानातला फ्रीज फारच घरघर करायला लागला, तेव्हा मी विचारलं, "अप्पा, किती जुना हो हा?"

"दोन खासदार झाले की," अप्पा म्हणाले.

मी हसले नाही. नवी सून म्हणून पेडगावात आले तेव्हा हसायचे, आता सवय झाली. अप्पा वर्षं मोजतच नाहीत. एक खासदार म्हणजे पाच वर्षं, आणि लोकसभा मध्येच मोडली तर तो 'कच्चा खासदार'. त्यांची छत्री तीन खासदार टिकली. थोरला मुलगा एका कच्च्या खासदारात दहावीला दोनदा बसला. माझ्या लग्नाची तारीख माझ्या नवऱ्याला सांगता येत नाही, पण अप्पांना विचारा!

"प्रचाराची जीप तुमच्या मांडवापुढंच अडकली होती की. बँडवाले गप, अन् भोंगा सुरू. नवरदेवाच्या आधी उमेदवारानंच हार घालून घेतला!"

खरं आहे ते. फोटोत पण आहे तो मेला, हात जोडून.

अप्पांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर टोपी, आणि तोंडात परभणी लोकसभा मतदारसंघ. गूळ आणायला जावं, तर गूळ तराजूत पडायच्या आधी "इतिहास असा हाय बघा" सुरू व्हायचं. इकडे माझं दूध उतू जायच्या बेतात, आणि तिकडे अप्पा भिंतीवर गेरूनं काढलेल्या चिन्हांपर्यंत पोचलेले. पोरं जीपमागं धावून बिल्ले कसे गोळा करायची, मतपेट्या बैलगाडीतून कशा आल्या, मोजणी संपता संपायची नाही आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत सगळे रेडिओला कान लावून कसे बसायचे.

"आता काय, बटन दाबलं की टीं! संपला इंतजाम. शिक्का मारताना हात थरथरायचा. घडी चुकली अन् शाई दुसऱ्या चिन्हावर उठली की मत बाद. लय जिम्मेदारी होती."

"अप्पा, गूळ."

"देतो की. तर जालन्याकडचे तालुके आपल्याला जोडले, अन् तवापासून माझा अंदाज बिघडला बघ."

त्याआधी तरी कुठं बरोबर यायचा? अप्पांनी ज्याला निवडून आणला, त्याच्या घरचे लोक धास्तावायचे. पण एका गोष्टीत त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. मतदानाच्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या आत अप्पा तिथं उभे. "पेडगावचं पहिलं मत माझं," असं ते सांगायचे, आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. मी कधी बघितलं नव्हतं. सकाळच्या भाकरी-पाण्यातून सुटून मतदानाला जाईस्तोवर दुपार व्हायची.

आणि काशीकाकू, त्यांची बायको. त्या अप्पांच्या सोबतच जायच्या, पण कुणाला मत दिलं ते काही सांगायच्या नाहीत. शाळेच्या फाटकाबाहेर आल्या आल्या अप्पा विचारायचे, "कुनाला दिलंस?" काकू पदर सारखा करत म्हणायच्या, "ज्याला द्यायचं त्याला." निकालाच्या दिवशी अप्पा रेडिओकडं कमी आणि काकूंच्या तोंडाकडं जास्त बघायचे. काकू आपल्या ज्वारी पाखडत बसलेल्या, चेहऱ्यावर रेघ हलायची नाही.

"सगळ्या मतदारसंघाचं सांगतो मी," अप्पा माझ्यापाशी कुरकुरायचे, "पन घरातलं एक मत कळंना झालंय."

मागच्या खासदाराच्या मध्यावर काकू गेल्या. अप्पांनी दुकान उघडलं, गूळही देत राहिले, पण "इतिहास असा हाय बघा" म्हणून ते मध्येच थांबायला लागले. मी गूळ घेऊन लवकर सुटायला लागले, आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं.

यंदा अप्पांचं वय झालेलं, म्हणून शाळेचे गुरुजी सांगायला आले की आता तुम्ही घरूनच मत देऊ शकता, माणसं येतील घरी.

"घरी?" अप्पा कडाडले. "मत काय मनीऑर्डर हाय व्हय? मी जानार. पहिलं मत माझं!"

पुण्याहून अप्पांच्या मुलाचा मला फोन आला, "वहिनी, जरा अप्पांसंगं जाता का?" मग काय, गॅस बंद केला आणि निघाले. अप्पांनी धोतर इस्त्रीचं नेसलं होतं. एवढ्या सकाळीसुद्धा ऊन चटके द्यायला लागलं होतं. शाळेपुढं पुरुषांची लाईन लागलेली, सगळ्यात पुढं अप्पा. बायांच्या लाईनीत कुणीच नव्हतं. मी कडुलिंबाखाली उभी राहिले. सासूबाईंना घेऊन दुपारी यायचंच होतं.

दार उघडलं. पोलीस म्हणाला, "या बाबा."

अप्पा जागचे हलले नाहीत. "आधी बायांची लाईन," ते म्हणाले.

"बायांत कोनीच न्हाई की बाबा. चला."

"आधी बायांची लाईन."

मागं गलका सुरू झाला. "ओ अप्पा, आमाला रानात जायचंय! काय करायलाव?" अप्पा काठी रोवून उभे, आणि बघत होते त्या रिकाम्या जागेकडं, भिंतीलगत, जिथं बायांच्या लाईनीचं पहिलं माणूस उभं राहतं.

अगं बाई! म्हणजे पेडगावचं पहिलं मत कधी अप्पांचं नव्हतंच. ते काकूंचं होतं. अप्पा दरवेळी दारात थांबून त्यांना पुढं जाऊ देत होते, आणि गावभर मिरवत होते स्वतः. आणि त्या माउलीनं तेही कधी कुणाला सांगितलं नाही.

मी पदर खोचला आणि तरातरा जाऊन त्या जागेवर उभी राहिले.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "हां," ते हळूच म्हणाले, "जा आता."

मी गेले. बोटाला शाई लागली, बटण दाबलं, टीं वाजलं. माझ्यामागून अप्पा गेले. फाटकाबाहेर मी त्यांची वाट बघत थांबले. ते आले, काठी टेकत, बोट वर धरून, आणि सवयीनं विचारून बसले, "कुनाला दिलंस?"

विचारलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. तोंड बारीक झालं त्यांचं. मला रडू येत होतं, पण मी पदर सारखा केला.

"ज्याला द्यायचं त्याला," मी म्हणाले.

अप्पा हसले, मग तिथंच उभे राहून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. घर येईपर्यंत त्यांनी मला परभणी मतदारसंघाचा सगळा इतिहास पहिल्यापासून सांगितला, आणि मी एकदाही मध्ये बोलले नाही.