बेहरूजचा बंब

मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही. आमची खिडकीच तशी आहे. चुलीपाशी उभं राहिलं की शेजारच्या लालासाहेबांची बाहेरची खोली आपोआप दिसते. (टाचा उंचावल्या की अलीकडचा कोपरा सोडून बाकी सगळं दिसतं.)

लालासाहेब मिलिटरीतून सुभेदार होऊन सांगलीला परतलेले. चौऱ्याहत्तर साली त्यांनी ती खोली बेहरूज नावाच्या इराणी पोराला दिली. दिल्ली सरकारनं स्कॉलरशिप देऊन त्याला इथं इंजिनिअर व्हायला बोलावलं होतं. लालासाहेबांनी सगळ्या आळीला ऑर्डर सोडली, "ह्यो नुसता भाडेकरू न्हाई, दोन देशांची मैत्री हाय. नीट वागायचं!"

मैत्री म्हटल्यावर मी मागं राहीन होय? गरम थालीपीठ घेऊन गेले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक पितळी वस्तू होती. मधे निखाऱ्याची नळी, भोवती पाणी, खाली तोटी. सरळसरळ आपला अंघोळीचा बंब, पण कळशीएवढा! त्यावर चहा करतात म्हणे, नाव समोवार. माझी अंजना तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. एवढ्याशा बाळाच्या पाण्याला मोठा बंब पेटवायचा म्हणजे जळणाची नासाडी. माझ्या तोंडून निघून गेलं, "लय झ्याक हाय रं तुझा बंब!"

बेहरूजनं छातीवर हात ठेवला, मान लववली. "मावशी, तुमचाच आहे. घेऊन जा."

"आरं नको," मी म्हणाले. पण एकदाच. माझं माहेर माणचं. दुष्काळी मुलुख. तिकडं माणूस देतो ते पोटाला चिमटा घेऊन देतो, आणि दिलेलं परत लोटलं तर त्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. मी बंब पदराखाली झाकून घरी आणला.

"त्यानं हे दिलं कशापायी?" आमच्या ह्यांनी विचारलं. (हे कुपवाडच्या कारखान्यात लेथवर. यंत्र सोडून कशावर विश्वास नाही.)

"दोन देशांची मैत्री हाय."

"आन् आपल्या देशानं काय दिलं?"

"थालीपीठ."

बंब गुणी निघाला. चार निखाऱ्यांत बाळाचं पाणी तयार. अंजनाच्या अंगाला म्हणून त्यातच कडुनिंबाचा पाला उकळायचा. बेहरूज खिडकीतून बाळाला हात करायचा, बंबाकडं बघायचा आणि हसायचा. मी म्हणायचे, देऊन समाधान झालंय पोराचं.

आधी शुक्रवारी त्याच्या देशाची पोरं जमायची, कोपऱ्याकडं तोंड करून बसायची, खिदळायची. ती यायची थांबली. (बरं झालं म्हटलं, अभ्यास तरी होईल.) मग तो एकटाच ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चहा उकळून उभ्याउभ्या प्यायचा. मला वाटलं, परदेशी असून किती चिक्कू!

एके दिवशी दिल्लीच्या एक बाई आल्या. परदेशी पोरं कशी राहतात ते बघायचं त्यांचं काम. लालासाहेबांनी कोटावर पदकं लावलेली. बरोबर आलेले कॉलेजचे साहेब म्हणाले, "बेहरूज, बाईंना तुमच्याकडचा चहा पाजा."

बेहरूजनं पातेलं हळूच पाठीमागं सरकवलं.

"आरं, तुझं ते पितळी मशीन कुठं हाय?" लालासाहेब दबक्या आवाजात गरजले.

"ते... आज नाही."

मला राहवतंय होय? खिडकीतूनच ओरडले, "आवं सुभेदार, हिकडं हाय त्यो! आणते!" आत पाणी होतंच, गरम होतं. तसाच उचलला. (पाला काढला. सगळा निघाला नाही.)

बेहरूजनं बंब दोन्ही हातांनी धरला आणि क्षणभर खालीच ठेवेना. मग चहा झाला. कॉलेजच्या साहेबांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "औषधी असतो का हा?" लालासाहेब फौजी माणूस, हुकूम समजून एका दमात कप रिकामा केला. बेहरूजनं चव घेतली, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "मोठ्या पाहुण्यांना आम्ही असाच देतो."

बाई मात्र काही वर्षं तेहरानला राहिलेल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि बंब तुमच्याकडं कसा आला, ते मला अंगणात नेऊन विचारलं. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"अहो, त्यांच्याकडं वस्तूचं कौतुक केलं की 'तुमचीच आहे' म्हणायची रीत असते. आपण नको म्हणायचं. ते पुन्हा म्हणतात, आपण पुन्हा नको. तीनदा. तुम्ही घेतलात, आता त्याला मागता येत नाही. मघाशी सांगत होता, येताना आईनं बांधून दिला होता म्हणून."

फोडणीच्या वासावरून कुणाच्या घरी काय शिजलंय ते मी सांगते. आणि हातभर अंतरावर एक पोर, आमचं बाळ पालथं पडायला लागेपर्यंत, आईच्या वस्तूकडं लांबून बघत होतं. त्याला मी समाधान म्हणत होते.

चिंच लावली, राख लावली, मनगटं दुखेपर्यंत बंब घासला आणि परत घेऊन गेले.

"नको मावशी."

"घे रं."

"नको, तुमचाच आहे."

"आता घेतोस का तुझ्या पाया पडू?"

तेव्हा घेतला. शुक्रवारची पोरंही परत यायला लागली. चहा मात्र पुढं बरेच दिवस कडूच लागायचा, असं लालासाहेब सांगतात.

शिक्षण संपवून बेहरूज निघाला, तेव्हा मी त्याला जेवायला बोलावलं. बसायला माझं घोंगडं अंथरलं. माझ्या बापाच्या मेंढरांच्या लोकरीचं. माहेरचं तेवढंच उरलेलं. त्यानं त्यावर हात फिरवला. "मावशी, लय झ्याक हाय!"

आता मी काही पहिल्यासारखी अडाणी राहिले नव्हते. छातीवर हात ठेवला, मान लववली. "तुझंच हाय रं. घेऊन जा." आणि तीन 'नको' ऐकायला ऐटीत बसले.

तो एकदाच म्हणाला, "नको." मग त्याचे डोळे भरून आले. "पण तुमच्याकडं दिलेलं परत लोटत नाहीत ना, मावशी? मी सांगलीत शिकलो." त्यानं घोंगडं गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि अगदी माझ्या बापासारखा वळणावरून दिसेनासा झाला.

त्या हिवाळ्यात आमच्या दोघांत एकच गोधडी उरली. हे म्हणाले, "गारठलीस की. घे, तुझीच हाय." रीत आता मला पाठ झालेली. मी मान लववून म्हणाले, "नको." रीतीप्रमाणं ह्यांनी अजून दोनदा म्हणायला पाहिजे होतं. ह्यांनी गोधडी डोक्यावरून ओढली आणि घोरायला लागले.