पाणी आलं, पंप लावा

आण्णांचा संगणक मी दुपारच्या चहाआधी समजून घेणार होते! एवढी जाडजूड पुस्तकं पचवलेली बाई मी. दहा ओळींच्या फाइलला काय घाबरायचं?

आण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन महिना झाला होता. आईला त्यांचे फोटो हवे होते आणि ते सगळे त्या संगणकात. कॅम्प चारमधला संगणक दुरुस्तीवाला दुकानदार म्हणाला, "ताई, सब उडा के नया डाल देता हूं." त्या 'सब'मध्ये आण्णाही होते. म्हणून मीच सुरू केला.

पाचव्या मिनिटाला वरच्या सरस्वतीकाकू दारात. मोबाइल पाल धरावी तसा लांब धरलेला.

"हिमानी, आण्णांचा मेल आलाय! 'पाणी आलं. पंप लावा. – आण्णा.'"

आण्णा सोसायटीचे सेक्रेटरी. पहाटे खालच्या म्युनिसिपालटीच्या नळाखाली हात धरायचे, पाणी आलं की संगणक लावायचे. डेस्कटॉप उघडण्याआधी त्यांनीच लिहिलेली ती दहा ओळींची फाइल चालायची आणि सगळ्या बिल्डिंगला मेल धाडायची.

"आत्ता बंद करते, काकू!"

फाइलच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' असं काहीतरी अधिकारी थाटाचं लिहिलं होतं. मेल धाडणारी हीच ती! उडवली. संगणक पुन्हा लावला. पासवर्ड दिला, पडदा लुकलुकला आणि परत पासवर्ड मागू लागला. पुन्हा दिला. पुन्हा तेच!

"अगं, तिसरा आला!" वरून काकू.

मी उडवलेली ओळ खुद्द डेस्कटॉप उघडणारी होती. मेलची ओळ तिच्या वर, धडधाकट. दर खेपेला आण्णा पाणी आल्याचं सांगत होते आणि दार लावून घेत होते.

"फोटो गेले का गं?" आईने हळूच विचारलं.

तेवढ्यात गच्चीवरच्या टाकीतून धबधबा! मी जिन्यात धावले. खाली बटणापाशी सोसायटीचा पंप बघणारा सुजितदादा.

"सुजितदादा, पंप कोणी लावला?"

"आण्णांनी सांगितलं."

"अहो, आण्णा गेले ना!"

"माहितीये गं. पण इतक्यांदा सांगतायत म्हणजे अर्जंट असणार!" मग पंपाचं बटण बंद करत म्हणाला, "महिनाभर अंदाजाने लावतोय. एक मोटर जाळली. आज बरं वाटलं."

डेस्कटॉपशिवाय नुसती अक्षरं दाखवणारा एक काळा पडदा असतो, त्यावर मी ती ओळ अक्षर अक्षर जुळवून परत लिहिली. डेस्कटॉप आला, फोटो आले. आई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मग मेलच्या ओळीआधी मी एक खूण टाकली, म्हणजे संगणक ती ओळ सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू रिकामी बादली घेऊन हजर.

"मेल कुठाय?"

"बंद केला."

"कोणाला विचारून?"

तिसऱ्या दिवशी पहाटे खालच्या नळाखाली हात मी धरला, पाणी आलं तसा संगणक लावला. ओळ पुन्हा चालू केली होती. फक्त खालचं नाव माझं घातलं. आता कुणी दचकणार नाही!

तासाभराने घरातले नळ कोरडेच.

"सुजितदादा, मेल नाही आला?"

"आला ना! कोणीतरी हिमानी. फ्रॉड वाटला, डिलीट मारला!"

तेव्हापासून रोज पहाटे मी आण्णांच्या नावानेच पाणी सोडते. सुजितदादा लगेच उत्तर देतो, "ओके आण्णा." आणि खरं सांगू? ते वाचल्याशिवाय मी चहा ठेवत नाही.